‘आजारी असावी’ आणि ‘शुड बी सिक’

प्रश्न (रामबाग, इंदूर)

माझी भाची नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. गेल्या आठवड्यात तिला मैत्रिणीबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. आमच्या घरी मराठीच चालते, त्यामुळे तिने मनात आधी मराठी वाक्य जुळवलं: ‘ती दोन दिवस आली नाही, आजारी असावी.’ कागदावर उतरलं ‘शी शुड बी सिक’. वही परत आली तेव्हा ‘शुड’भोवती लाल गोल होता, शेजारी एक अक्षर नाही. ती मला विचारायला आली, ‘मावशी, जेवण गरम असावं म्हणजे फूड शुड बी हॉट, हे बरोबर ना? मग आजारी असावी म्हणजे शुड बी सिक का नाही?’

‘मस्ट बी’ किंवा ‘मे बी’ लिही, एवढं मी सांगितलं. का, ते सांगता आलं नाही आणि ते मला लागलं. मुलीने नेमका प्रश्न विचारला होता.

दुसरी गोष्ट त्याच दिवशीची. संध्याकाळी साडेसहाला सराफ्यात जायचा विषय निघाला, तर ती म्हणाली, ‘आत्ता खाण्याची दुकानं बंद होतील ना?’ मी म्हटलं, अगं, बंद कशी होतील, अजून उघडायचीत. सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर तर तिथे खाण्याची लागतात. मग कळलं, तिला ‘बंद असतील’ म्हणायचं होतं. हिंदीतलं ‘बंद होंगी’ तसंच्या तसं मराठीत आलं होतं. या दोन चुकांचं मूळ एकच आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (लोकमान्य नगर, इंदूर)

ताई, भाचीचा तर्क सरळ आहे, फसवतंय ते आपलं ‘असावा’. शाळेत अशा ‘-आवा’ रूपाचे, म्हणजे विध्यर्थाचे, कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे अर्थ आपण पाठ केले होते. आता ‘पोहे गरम असावेत’ हे वाक्य घ्या. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पातेल्यावरची वाफ बघून म्हटलं तर तो अंदाज. घरी पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं तर ती अपेक्षा. रूप दोन्हीकडे तेच.

माणसाबद्दल बोलताना मात्र मराठी वाट बदलते. ‘तो प्रामाणिक असावा’ आणि ‘त्याने प्रामाणिक असावं’ ही दोन वाक्यं पाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात मी त्याच्याविषयी अंदाज बांधतोय, दुसऱ्यात त्याच्यावर जबाबदारी टाकतोय. ‘ने’ लागला, क्रियापदाने त्याच्याशी लिंगवचन जुळवणं सोडलं आणि अंदाजाचं कर्तव्य झालं. मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मराठीची ही बारीक सोय फार उशिरा माझ्या लक्षात आली. तेव्हापासून वर्गात सुरुवात इथूनच करायचो.

इंग्रजीत हा ‘ने’ नाही. ‘ही मस्ट बी ऑनेस्ट’ या एकाच वाक्यात आपली दोन्ही वाक्यं मावतात. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? पुष्कळदा पुढच्या विशेषणावरून. ‘यू मस्ट बी केअरफुल’ म्हणजे जपून राहायला हवं. ‘यू मस्ट बी थर्स्टी’ म्हणजे तहान लागली असेल. जपणं माणसाच्या हातात आहे, तहान लागणं नाही. मुलांना मी एक कसोटी द्यायचो: विशेषणाआधी नुसतं ‘बी’ लावून आज्ञा करून बघा. ‘बी क्वाएट’, ‘बी पेशन्ट’ जमतं. ‘बी टॉल’, ‘बी थर्स्टी’ कुणी म्हणत नाही. आज्ञा जमली तर ‘मस्ट बी’ बहुधा बजावणं असतं, नाही जमली तर जवळजवळ नक्कीच अंदाज. ‘ऑनेस्ट’सारखी विशेषणं दोन्हीकडे बसतात, तिथे मागचंपुढचं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

अनुवादातही हे दिसतं. बजावायचं असलं की आपण ‘असणे’ सहसा वापरतच नाही. गप्प बसायला हवं, धीर धरायला हवा, जपून राहायला हवं. अंदाज असला की ‘असणे’ येतंच: दमली असशील, भूक लागली असेल. ‘यू मस्ट बी पेशन्ट’चं ‘तू सहनशील असायला हवंस’ असं भाषांतर वहीत दिसलं की मला वाईट वाटायचं. ‘धीर धरायला हवा’ हे त्या मुलाला घरी रोज ऐकू येत असतं.

आता ‘शुड’. त्यानेही अंदाज करता येतो, पण तो हिशेबाचा. आधण ठेवून दहा मिनिटं झालीत, म्हणून ‘द टी शुड बी रेडी’. सगळं रीतीप्रमाणे झालं असेल तर चहा तयार असायला हवा. आजारपण असं रीतीत बसत नाही, त्याची कुणी वाट बघत नाही. त्यामुळे ‘शी शुड बी सिक’ ऐकलं की हिने आजारी पडायला हवं, असा भलताच सूर लागतो. ‘शुड’ हे मुळात ‘शॅल’चं भूतकाळी रूप आणि जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा एक अर्थ देणं लागणे. आपणही शंभर रुपये देणं ‘लागतो’ आणि आपल्याला जावं ‘लागतं’. दोन्ही भाषांना ऋणातून सक्ती सुचली, याचं मला अजून नवल वाटतं.

‘बंद होतील’चं मूळ मात्र वेगळं. हिंदीत ‘होना’ हे एकच क्रियापद असणं आणि होणं दोन्ही सांभाळतं. मराठीत ती दोन वेगळी आहेत आणि इंदुरात वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी त्यांची सरमिसळ मी पुष्कळ ऐकली आहे. भाचीला रागावू नका. ‘दुकान आत्ता बंद असेल’ आणि ‘दुकान दहाला बंद होईल’ अशी जोडी चारदोन वेळा तिच्याकडून म्हणवून घ्या.

प्रतिसाद (सुदामा नगर, इंदूर)

सरांच्या उत्तराला एक जोड. माझा मुलगा ‘आय विल लेट’, ‘यू मस्ट केअरफुल’ असं लिहायचा, मधला ‘बी’ गायब. ‘विल’, ‘मस्ट’, ‘मे’, ‘कॅन’ यांच्यापाठोपाठ मूळ क्रियापदच लागतं, विशेषणाला थेट तिथे जागा नाही, म्हणून ‘बी’चा सांधा हवा. आपल्या ‘असेल’मध्ये ‘असणे’ही आलं आणि शक्यताही आली, एका शब्दात. मुलं त्या एका शब्दासाठी इंग्रजीतही एकच शब्द ठेवतात. मी त्याला ‘असेल’ फोडून दाखवलं, ‘अस’ म्हणजे ‘बी’ आणि ‘एल’ म्हणजे ‘विल’. तेवढ्याने काम झालं.

आणि ‘असू शकते’ला डोळे झाकून ‘कॅन बी’ करू नका. ‘इंदूर कॅन बी कोल्ड इन जानेवारी’ बरोबर आहे, अधूनमधून कडाका पडतो या अर्थी. आज न आलेल्या मैत्रिणीबद्दल ‘शी कॅन बी सिक’ चालत नाही, ‘कुड बी’ किंवा ‘मे बी’ हवं. नकारात मात्र ‘कान्ट’ येतं: आजारी असणं शक्यच नाही, ‘शी कान्ट बी सिक’. तिथे ‘मस्ट नॉट’ लिहिलं की मनाई वाटायचा धोका.

प्रश्नकर्तीकडून

सर, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना भाचीने आज्ञेची कसोटी घरातल्या सगळ्यांवर लावून पाहिली. ‘बी हॅपी’पाशी अडली. आज्ञा तर देता येते, पण ‘यू मस्ट बी हॅपी’ म्हटलं की तिला ‘खूश असशील’ असंच ऐकू येतं. मलाही.

‘ने’ची जोडी तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे: ‘ती शांत असावी’, ‘तिने शांत असावं’.

मैत्रीण आज शाळेत आली. आजारी नव्हतीच, उज्जैनला मामाच्या लग्नाला गेली होती. तेव्हा भाचीचं म्हणणं असं, की लाल गोलाच्या जागी ‘मस्ट’ लिहिलं असतं तरी ते जास्तच झालं असतं. तिने मराठीत उतरंड लावली: आजारी असणार, आजारी असावी, आजारी असेल, आजारी असेलही. ‘असणार’ला ‘मस्ट’ आणि ‘असेल’ला ‘मे’ आम्ही ठरवून टाकलं. ‘असेलही’ला ‘माइट’ चालेल का? आणि ‘असावी’ला मधलं काय द्यायचं, ‘प्रॉबब्ली’ जोडल्याशिवाय?