फ्रेडी मर्क्युरींच्या वस्तूंचा लिलाव योग्य होता का?

प्रश्न: पाचगणीच्या शाळेत शिकलेले, 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये वारले आणि त्यांनी लंडनच्या घरात हौसेने जमवलेल्या वस्तू सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने विकल्या. हा संग्रह एकत्र राखून त्याचे संग्रहालय करणे अधिक उचित ठरले नसते का?

उत्तर १: घर आणि त्यातील वस्तू मर्क्युरींनी मृत्युपत्राने आपल्या निकटच्या मैत्रीण मेरी ऑस्टिन यांना दिल्या होत्या, त्यामुळे निर्णयाचा हक्क ऑस्टिन यांचाच होता. त्यांनी तीस वर्षे तो संग्रह सांभाळला. शिवाय विक्रीपूर्वी सुमारे महिनाभर सर्व वस्तू विनामूल्य पाहता आल्या, आणि उत्पन्नाचा काही भाग एड्सविरोधी कार्य करणाऱ्या संस्थांसाठी ठेवला होता.

उत्तर २: हक्काबद्दल वाद नाही, परंतु ज्या यामाहा पियानोवर मर्क्युरींनी गाणी रचली, तो सुमारे १७ लाख पौंडांना विकला गेल्यावर सामान्य रसिकाला पुन्हा दिसेल याची हमी कोण देणार? मिशांचा चांदीचा कंगवासुद्धा दीड लाख पौंडांवर गेला, याचे मात्र मला हसू आले.

उत्तर ३: या आकड्यांत लिलावसंस्थेचे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्कही धरलेले असते, हे लक्षात घ्यावे. त्यांच्या गाण्यांची हस्तलिखिते तरी एखाद्या ग्रंथालयाकडे जायला हवी होती.