उतारा, अवतरण, उद्धरण की संदर्भ?

पुण्यात एका छोट्या प्रकाशनासाठी ई-पुस्तकं तयार करते. सध्या हातात एक जुनं चरित्र आहे, पानोपानी पत्रांतला मजकूर. दृष्टिहीन वाचकांना तो स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीवर) नीट कळावा म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्यांना सूचना लिहायला बसले आणि शब्दांवरच अडले. लांब मजकुराला 'ब्लॉककोट', ओळीतल्या वाक्याला 'क्यू', ग्रंथाच्या नावाला 'साइट' असे तीन वेगळे टॅग, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या संगणकी खुणा, आहेत. आमच्याकडे तिन्हींना सर्रास 'संदर्भ' म्हणतात. परिणामी 'संदर्भ उताऱ्याबाहेर ठेवा' या माझ्या वाक्याचा प्रत्येकाने वेगळा अर्थ लावला! मला म्हणायचं होतं, श्रेयाची ओळ ब्लॉककोटच्या बाहेर. हे टॅग ज्या भाषेतले, त्या एचटीएमएलचा नियमच तसा आहे. कोणते शब्द वापरू?

प्रतिसाद
ताई, व्युत्पत्तीकडे बघा. अवतरण म्हणजे खाली उतरणं, उद्धरण म्हणजे उचलून बाहेर काढणं. एकच मजकूर, पण अवतरण म्हणताना आपण स्वतःच्या पानावर उभे असतो आणि उद्धरण म्हणताना मूळ ग्रंथापाशी. मराठी कानाला 'उद्धरण' थोडं हिंदी वाटतं, 'उद्धृत' मात्र आपलंच आहे (द ला ध, 'उध्दृत' नव्हे). मी असं म्हणेन: लांब तो उतारा, ओळीतलं ते अवतरण, जिथून घेतलं तो स्रोत. 'संदर्भ' मागच्यापुढच्या संबंधासाठी राखा. 'संदर्भसूची' इतकी रुळली आहे की तिला हात लावू नये.

प्रतिसाद
मी पुस्तकं कानांनी वाचतो. विरामचिन्हं उच्चारण्याची पातळी कमी ठेवली की अवतरणचिन्हं ऐकूच येत नाहीत, आणि समास सोडून केलेली मांडणी तर माझ्यासाठी नसतेच. मग चरित्रकार कुठे थांबला आणि पत्र कुठे सुरू झालं ते समजत नाही. एकाची मतं दुसऱ्याच्या नावावर जातात. ब्लॉककोट असला तर बहुतेक स्क्रीन रीडर तसं सांगतात. स्रोत मात्र त्या टॅगच्या आत लिहायच्या 'साइट' गुणधर्मात (हा 'साइट' टॅगहून वेगळा) पुरून ठेवू नका, तिथला पत्ता वाचकापर्यंत सहसा पोचत नाही. तो मजकुरातच लिहा, जमलं तर आधी: 'आगरकर लिहितात', मग उतारा. ऐकणाऱ्यांची सोय आपल्या भाषांत जुनीच आहे. संस्कृतात 'इति' आलं की उद्धृत संपलं, आणि अभंगात 'तुका म्हणे' ओळीतच येतं.

'इति'मुळे डोक्यात लख्ख उजेड पडला. सूचना बदलली: 'उताऱ्याआधी स्रोत, उताऱ्यात फक्त उतारा.' इंग्रजी उताऱ्यांना भाषेची खूणही लावणार, नाहीतर मराठी आवाज ते कसेही वाचतो. आता एकच उरलं. प्रकरणाच्या माथ्यावर जे वचन असतं, त्यासाठी ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात 'एपिग्राफ' अशी वेगळी भूमिका आहे. 'बोधवचन' म्हणावं तर दरवेळी त्यात बोध नसतो. 'शीर्षवचन' कसं वाटतं?