मदत हवी आहे: राज्य बदललं, गाडीचा इन्शुरन्स आणि लायसन्स एकमेकांत अडकले

अमृता_नि
जरा तातडीचं आहे. राज्य बदललं. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे, हप्ता भरलाय, कार्ड हातात आहे, तरी नंबरप्लेट देत नाहीत. म्हणे इथला इन्शुरन्स आणा. लायसन्सच्या खिडकीवर गेले तर तिथेही तेच. आणि इन्शुरन्सवाला फोनवर विचारतो, इथलं लायसन्स आहे का? आधी करायचं तरी काय? सोमवारपासून नवऱ्याचं ऑफिस आहे आणि घराजवळून बस नाही.

पुणेकर_काका
ताई, घाबरू नका. चिरंजीवांनी एमएच-१२ गाडी बंगळुरूला नेली तेव्हा आधी इथल्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी घेतली, मग तिकडे रोड टॅक्स भरला. विमा तोच चालतो, फक्त नवा पत्ता आणि नंबर कंपनीला कळवायचा. बारा महिन्यांपर्यंत जुन्या नंबरावरही चालवता येते.

निशांत_रॅले
काका, ही अमेरिकेतली गोष्ट वाटतेय. अमृता, राज्य कुठलं? आलीस कुठून? गाडी लीजवर आहे, कर्जावर की स्वतःची? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

अमृता_नि
हो, अमेरिकाच. टेक्सासहून नॉर्थ कॅरोलायनात, केरीला. गाडी गेल्या वर्षी डॅलसमध्ये घेतली.

सह्याद्री_वारा
टेक्सासची पॉलिसी संपेपर्यंत खुशाल चालवा. अमेरिकन पॉलिसी सगळ्या राज्यांत चालते. आम्ही अर्धा देश फिरलो, कुणी विचारलं नाही.

निशांत_रॅले
फिरायला जाणं वेगळं आणि राहायला येणं वेगळं. गाडी रात्री कुठे उभी असते ते कंपनीला खरं सांगावं लागतं. पत्ता लपवलात आणि अपघात झाला तर क्लेम नाकारू शकतात. कृपया असले सल्ले देऊ नका, समोरच्याचं घर बुडेल.

अमृता, नॉर्थ कॅरोलायनाला इथे परवाना असलेल्या कंपनीचीच पॉलिसी लागते. आधी इन्शुरन्स, मग बाकीचं सुटतं. केरीच्या पत्त्यावर, टेक्सासच्या लायसन्सवर पॉलिसी काढून दे म्हणावं. बऱ्याच कंपन्या देतात. हा नाही म्हणाला तर दुसरा एजंट गाठ. त्याच्याकडून डीएल-१२३ फॉर्म माग, म्हणजे इन्शुरन्स असल्याचा पुरावा. त्यावर तुझं नाव हवं, आणि तो तीस दिवसच चालतो. तो दाखवून लायसन्स, मग प्लेट. नवऱ्यालाही लायसन्स काढायचं असेल तर त्याच्या नावाचा वेगळा फॉर्म. नव्याने राहायला आलेल्यांना लायसन्ससाठी ६० दिवस असतात, म्हणजे सोमवारी तो टेक्सासच्या लायसन्सवर चालवू शकतो.

मेघना_एडिसन
टेक्सासची पॉलिसी नवी हातात येईपर्यंत बंद करू नका! मधला एक दिवसही रिकामा नको. आणि पुढे कधी नॉर्थ कॅरोलायना सोडलंत तर आधी प्लेट परत द्या, मग पॉलिसी रद्द करा. पॉलिसी बंद झाली की कंपनी राज्याला कळवते आणि दंड बसतो. न्यूयॉर्कमध्येही आधी प्लेट, मग पॉलिसी.

सह्याद्री_वारा
न्यू हॅम्पशायरमध्ये तर बहुतेकांना इन्शुरन्स सक्तीचाच नाही. व्हर्जिनियातही ५०० डॉलर भरून बिनइन्शुरन्स गाडी नोंदवता यायची.

मेघना_एडिसन
व्हर्जिनियाची ती सोय १ जुलै २०२४ पासून बंद आहे. आणि अमृता केरीत आहे हो, न्यू हॅम्पशायरचं काय करू ती?

अमृता_नि
दुसऱ्या एजंटशी बोलले. टेक्सासच्या लायसन्सवर देतोय! आता विचारतोय, ५०/१००/५० घ्यायचं की जास्त? टेक्सासमध्ये ३०/६०/२५ होतं.

निशांत_रॅले
५०/१००/५० हा इथला किमान आकडा, जुलै २०२५ पासूनचा. एका जखमीमागे ५० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींचे मिळून १ लाख, समोरच्याच्या गाडीचं वगैरे नुकसान ५० हजार. हॉस्पिटलचं एक बिल ५० हजार सहज खातं, वरचं तुझ्या खिशातून. १००/३०० चा भाव तरी विचार, फरक बहुतेक वेळा वाटतो त्याहून कमी असतो.

मेघना_एडिसन
किमान घेऊन उरलेले पैसे अंब्रेलात (मूळ पॉलिसीच्या वरची जादा पॉलिसी) घालावेत, असं माझं मत.

निशांत_रॅले
अंब्रेला देणाऱ्या कंपन्या गाडीच्या मूळ पॉलिसीची मर्यादा आधी वाढवायला लावतात, म्हणून किमान घेऊन भागत नाही. शिवाय नॉर्थ कॅरोलायनात अपघातात तुमची थोडीशी जरी चूक निघाली तरी समोरच्याकडून भरपाई मिळत नाही. त्यामुळे कोलिजन कव्हर, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, टाळू नये. डॅशकॅमही लाव.

पुणेकर_काका
डॅशकॅम कुठला घ्यावा? इथेही हल्ली फार गरज भासते.

मेघना_एडिसन
काका, त्याचा वेगळा धागा काढा ना. अमृता, नवऱ्याचं टेक्सासचं लायसन्स कधीपासूनचं आहे ते एजंटला नीट सांग. जुलै २०२५ पासून इथे नव्या चालकाचा जादा हप्ता तीनऐवजी आठ वर्षं लागू शकतो.

अमृता_नि
सांगते. प्लेटच्या वेळी टॅक्स किती? आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) विचारतील का? ते बँकेकडे आहे, कर्ज अजून चालू आहे.

निशांत_रॅले
कर्जाचं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, अमृता! टॅक्स गाडीच्या किमतीच्या ३ टक्के. पण तुमच्या नावावर टेक्सासमध्ये ९० दिवसांहून जास्त होती, त्यामुळे जास्तीत जास्त २५० डॉलर. टायटल मात्र लागेल. ते बँकेकडून कसं मागवायचं हे प्लेट एजन्सीला फोन करून विचार आणि बँकेला आजच कळव, तिकडून यायला वेळ लागतो.