मदत हवी आहे: सेफ्टी रेझरने मानेची सालटी निघतायत

राऊचा_मुलगा:
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा कोणीतरी. कार्ट्रिजवाला (दोन-तीन पात्यांच्या तयार डोक्याचा) रेझर सोडून जुन्या पद्धतीच्या सेफ्टी रेझरवर आलोय, गाल एकदम मस्त होतात पण जबड्याच्या खाली दर वेळी वाट लागते, लाल होतं, बारीक पुटकुळ्या येतात आणि कंठाजवळ रक्त. व्हिडिओत दाखवतात तसंच करतोय. ब्लेड बदलून पाहिलं, काही फरक नाही. रविवारी देवासला मावसभावाचा साखरपुडा आहे आणि मान अशी घेऊन जायचं नाहीये. कार्ट्रिजवर परत जा असं कृपया सांगू नका, त्याने केस आत वळून गाठी यायच्या म्हणूनच सोडलंय. नक्की काय करू?

लोकमान्यनगर:
अरे रेझर कोणता, ब्लेड कोणतं, क्रीम का डब्यातला फोम, दाढी किती दिवसांची वाढलेली असते, अंघोळीच्या आधी करतोस का नंतर? यातलं एकही लिहिलेलं नाहीस.

राऊचा_मुलगा:
रेझर साधाच आहे हो, तीन तुकड्यांचा, ऑनलाइन घेतलेला. ब्लेड त्याच्यासोबत आलेली, नंतर मेडिकलवरून दुसरी आणली. क्रीम आणि ब्रश. सकाळी घाईत करतो, अंघोळीच्या आधी.

फेस_प्रेमी:
फेदर घे. जपानी ब्लेड आहे, धार इतकी की केस ओढला जात नाही, अलगद कापला जातो. आग होते ती ओढण्यामुळे. माझं तर सगळं यावरच सुटलं.

सयाजीगंज_वडोदरा:
नवीन माणसाला फेदर सांगू नका हो!! हात बसलेला नसताना इतकी धार म्हणजे कंठावर अजून कापणार. सेव्हन ओ क्लॉक सुपर प्लॅटिनम आण, कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतं, चार-पाच दाढ्या कर आणि फेक. आणि धुतल्यावर ब्लेड टॉवेलने पुसू नकोस, कड जाते, नुसतं झटकून वाळू दे.

फेस_प्रेमी:
मी स्वतः पहिल्यापासून फेदरच वापरतोय. बोथट ब्लेडने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की कापतं.

सयाजीगंज_वडोदरा:
जोर कुठल्याच ब्लेडने लावायचा नसतो, रेझरचं वजन पुरतं, म्हणून तर दांडा जड असतो. तुमची कातडी तुमची, त्याची त्याची. आधी ब्लेड कातडीला साधारण 30 अंशात टेकतंय का ते बघू द्या त्याला. रेझरचं डोकं गालावर टेकव, दांडा जमिनीला समांतर ठेव, मग हळूहळू दांडा खाली आण, ब्लेड केसाला लागल्याचा बारीक आवाज आला की तिथेच थांब. कार्ट्रिजचं डोकं आपोआप वळायचं, इथे ते काम मनगटाने करायचं.

मृणाल_के:
मी हाच प्रकार पायांसाठी वापरते, पार्लरच्या वॅक्सिंगपेक्षा कितीतरी बरं पडतं, घोट्याजवळ मात्र अगदी सावकाश. मैत्रिणींनी कोणी वापरत असाल तर सांगा, गुडघ्याच्या मागे कसं करता?

आबा_रामबाग:
बाळा, घाई हेच मूळ आहे. दाढी अंघोळीनंतर करावी, केस मऊ होतो. आमच्या वडिलांच्या वेळची ब्लेडं कार्बन पोलादाची, ओली राहिली की गंजायची, म्हणून लोक ती काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने घासून धार लावत आणि महिनाभर पुरवत. जिलेट साहेबांनी 1904 मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून बदलायच्या पात्याची मूळ कल्पना तीच आहे. आणि शेवटी तुरटी. ओल्या मानेवर तुरटीचा खडा फिरवायचा, रक्त थांबतं.

लोकमान्यनगर:
आबा, तुरटीचं अगदी बरोबर, पण पेल्यावर घासायचं आजच्या ब्लेडला करू नये. स्टेनलेसच्या कडेवर पातळ लेप असतो, घासलं की तोच जातो. पातंच जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतं.
राऊवाले, तू मानेवर रेझर कुठून कुठे फिरवतोस? आणि पाणी कुठलं, नळाला येणारं नर्मदेचं का बोरिंगचं?

राऊचा_मुलगा:
वरून खाली, सगळे तसंच करतात ना. पाणी आमच्या कॉलनीत बोरिंगचंच. त्याचा काय संबंध?

लोकमान्यनगर:
दोन्हीचा संबंध आहे, आणि माझ्या मते तुझं उत्तर याच दोन गोष्टींत आहे, ब्लेडच्या भांडणात नाही.
पाणी आधी. माळव्यातलं बोरिंगचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतं, त्यामुळे फेस दिसतो पण बसतो तेव्हा कोरडा असतो. गीझरच्या तोटीवर पांढरं जमत असेल बघ, तेच. दाढीपुरतं एक मग आरओचं पाणी कोमट करून घे, ब्रश त्यातच भिजव आणि फेस त्यातच कर. बदामाएवढं क्रीम पुरे. ब्रश झटकून सुरुवात कर आणि थेंब थेंब पाणी वाढव, मोठे बुडबुडे आले तर पाणी जास्त झालं, चेहऱ्यावर दह्यासारखा चमकदार थर बसला की बरोबर.
आता केस. दोन दिवस मानेला हात लावू नकोस. खुंट वाढले की कापसाचा बोळा मानेवर चारही बाजूंनी फिरव. जिकडे कापूस अडकतो ती केसांच्या वाढीच्या उलट दिशा. पुष्कळ जणांचे मानेवरचे केस खालून वर वाढतात आणि काहींचे चक्क आडवे. तसं असेल तर वरून खाली म्हणजे तू पहिल्याच हातात उलटी दाढी करतोयस.

राऊचा_मुलगा:
भिया, सकाळीच बघितलं. कॉलरपासून वर हात फिरवला की गुळगुळीत, आणि डाव्या बाजूला कानाकडे आडवे जातायत. म्हणजे मी खालून वर करू? भीती वाटतेय, कंठावर तसं कसं करणार.

सयाजीगंज_वडोदरा:
हो, तुझ्यासाठी सुलट तीच. डाव्या बाजूला कानाच्या दिशेने आडवा घे. हनुवटी वर कर, दुसऱ्या हाताने कातडी खाली ताणून धर. कंठाच्या उंचवट्यावर रेझर नेऊच नकोस, तिथली कातडी बोटाने एका बाजूला सरकवायची आणि सपाट जागेवर आणून करायची, मग दुसऱ्या बाजूला. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर, लगेच रेझर धुवायचा. फेस गेलेल्या जागेवर परत रेझर नको, पुन्हा फेस लाव.

फेस_प्रेमी:
आणि झाल्यावर चांगला झणझणीत आफ्टरशेव.

लोकमान्यनगर:
सोललेल्या मानेवर अल्कोहोलवाला आफ्टरशेव अजिबात नको, कातडी अजून कोरडी होते. गार पाणी, तुरटी, अर्ध्या मिनिटाने तुरटी धुवायची, मग साधं मॉइश्चरायझर. तुरटी जिथे जास्त झोंबेल तिथे तुझा हात जड पडलाय हे तुला आपोआप कळेल.

आबा_रामबाग:
तुरटी किराण्यात, पूजेच्या सामानात स्वस्त मिळते. इंदूरच्या सियागंज बाजारात गेलात तर मोठा खडा घ्या, वर्षभर जातो. तिकडून येताना हिवाळ्यात गराडू (मसाला घातलेला तळलेला कंद) खायला विसरू नका, सराफा बाजाराच्या खाऊगल्लीत रात्री नऊनंतर.

मृणाल_के:
गराडूवर तो मसाला कसला असतो हो? घरी तसा जमतच नाही.

सयाजीगंज_वडोदरा:
मृणालताई, वेगळा धागा काढा, आम्हालाही हवंय. राऊ, साखरपुड्याची दाढी रविवारी सकाळी करू नकोस, शनिवारी संध्याकाळी अंघोळ करून कर. एकच सुलट हात, थोडे खुंट राहिले तर राहू दे, फोटोत खुंट दिसत नाहीत, लाली दिसते. पुटकुळ्यांत पू झाला किंवा वाढत गेल्या तर मात्र रेझर बंद आणि त्वचेच्या डॉक्टरकडे.

राऊचा_मुलगा:
काल संध्याकाळी केली, आरओचं पाणी, खालून वर. फेस पहिल्यांदाच टिकला. कंठाजवळ रक्त नाही. उजव्या कानाखाली थोडं खरखरीत राहिलंय, तिकडचे केस अजून कळत नाहीयेत, पुढच्या वेळी पुन्हा कापूस फिरवून बघतो. आता निघतोय देवासला, एकच विचारायचं राहिलं, जुनी ब्लेडं कशात टाकायची? आई म्हणते सुक्या कचऱ्यात नको.

लोकमान्यनगर:
आई बरोबर बोलतायत, सुक्यात टाकलंस तर छाटणी करणाऱ्यांचे हात कापतात. रिकाम्या टिनच्या डब्याला झाकणात फट पाड, त्यात टाकत जा, भरला की चिकटपट्टी लावून बंद कर, वर ब्लेड असं लिही आणि कचरागाडीवर घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात दे. गाडीवाल्याला तोंडाने पण सांग.