रंग लावा, कॉफी उकळा आणि दोन टक्के मोजा?

शेवटचा मजला
काल या फोरमवर कोणीतरी ‘फ्लॅट विकण्याआधीचे सोपे उपाय’ लिहिलेत. अख्ख्या घराला रंग लावा, देवघर आवरून ठेवा, गिऱ्हाईक यायच्या आधी कॉफी उकळा म्हणजे वास दरवळतो, आणि बाकी सगळं ‘एका विश्वासू एजंटवर’ सोडा. डोकं उठलं, म्हणून हे लांबण.

मी यंदाच वडिलांचा कोथरूडचा वन बीएचके विकला. १९९४ची बिल्डिंग, लिफ्ट नाही. एजंटच्या सांगण्यावरून रंगावर ८५ हजार घातले. घेणाऱ्याने ताबा मिळाल्यावर आठवड्यात ओटा, फरशी, मधली भिंत, सगळं फोडलं. माझा रंग राडारोड्याच्या टेम्पोतून गेला. आणि व्यवहार दीड महिना अडला कशावर? बहिणीने घरातला आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं, पण ते सरकारदरबारी नोंदवलंच नव्हतं. बँकेच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. एजंटने पहिल्या दिवशी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ६२ लाखांचे २ टक्के, म्हणजे १ लाख २४ हजार, मात्र रजिस्ट्रारच्या दारातच मोजून घेतले.

किल्लीवाला
मी एजंट आहे, आधीच सांगतो. कागद तपासणं वकिलाचं काम. वकिलाची फी वाचवलीत ना? मग खापर आमच्यावर का? रविवारी अकरा जणांना वेळ दिली तर सहा येतात, त्यातले दोन ‘दार दक्षिणेला आहे’ म्हणून उंबऱ्यावरूनच परत. किल्ली घेऊन जिने कोण चढतं? ५० लाखांवरच्या घराला घेणाऱ्याने किमतीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर, कापून भरायचा असतो, हे तुमच्या गिऱ्हाइकाला कोणी सांगितलं असेल? आणि रंग राहण्यासाठी नसतोच, फोटोसाठी असतो. पिवळट भिंत दिसली की लोकांचा अंगठा पुढे सरकतो.

ठाणेकर ताई
रंग ओल झाकण्यासाठी असतो, ते बोला की! मी घेणारी बाजू. एप्रिलमध्ये पाहिलं तेव्हा बेडरूमची एकच भिंत नवीकोरी, बाकी तीन जुन्या. मी वेडी, म्हटलं किती हौशी माणसं! जुलैत त्याच भिंतीला पोपडे. वरच्यांचं बाथरूम गळत होतं. विकणाऱ्या काकांना फोन केला तर म्हणे, “आम्ही होतो तेव्हा असं काही नव्हतं हो.” त्यांच्या एजंटने तर फोनच उचलला नाही. आता कोणाबरोबरही घर बघायला गेले की आधी कपाट सरकवायला लावते. लोक हसतात, हसू देत.

सेक्रेटरी नाइलाजाने
मूळ धागाकर्ते, वडील गेल्यावर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा कागद, लगेच नावावर करून घेतलंत का? नसणारच. सहा-सहा वर्षं कोणी फिरकत नाही आणि गिऱ्हाईक मिळालं की मला रात्री दहाला फोन, “उद्या विक्रीची एनओसी, ना-हरकत पत्र द्या.”

पेठकर
कसली एनओसी? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, विक्रीला सोसायटीची एनओसी लागत नाही. पण तिच्या आडून दुकान चालतं. माझ्याकडून १ लाख ‘स्वेच्छा देणगी’ घेतली. स्वेच्छा कोणाची, तर कमिटीची! फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार, हे २००१चं सरकारी परिपत्रक आहे.

सेक्रेटरी नाइलाजाने
बँक एनओसीशिवाय कर्जाचा चेक सोडत नाही. उपविधींचं पुस्तक तिकडे नेऊन दाखवा. आणि २५ हजार हे २००१चे. आज टाकी दुरुस्तीचं एस्टिमेट मागवून बघा एकदा. मिटिंगला येत नाही, मेंटेनन्स थकवता, आणि कायदा आम्हाला शिकवता.

पेठकर
माझा मेंटेनन्स तुम्ही कधी पाहिलात? टाकी फुटली तर सगळ्यांकडून वर्गणी काढा, निघून जाणाऱ्याचा खिसा का कापता? शिवाय वारसाच्या नावावर करताना अधिमूल्य घेताच येत नाही. शेवटचा मजला, तुमच्याकडून घेतलं का?

शेवटचा मजला
... ४० हजार. ‘बिल्डिंग फंड’ म्हणाले. मला वाटलं, असतं तसं.

किल्लीवाला
😂 बघा. मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. दोन टक्क्यांतले ४० हजार तिथेच वसूल.

शेवटचा मजला
तुम्ही विचारलं असतंत, माझ्यावाल्याने नाही विचारलं. त्यामुळे धंद्याची आरती ओवाळायची गरज नाही. बरं, फोटोपुरता रंग ठीक, हे मान्य. हॉलची एक भिंत, ८ हजारांत. ८५ नव्हे.

सेक्रेटरी नाइलाजाने
आमच्याकडे वारसाकडून घेत नाही, हे नोंदवून ठेवतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. देणगी म्हणाल तर... जनरल बॉडीचा ठराव आहे.

पेठकर
ठरावाने परिपत्रक रद्द होतं? वा! उद्या ठराव करून गुरुत्वाकर्षणही थांबवा, लिफ्टचा खर्च वाचेल.

ठाणेकर ताई
भांडा तुम्ही. शेवटचा मजला, त्या ४० हजारांची पावती आहे का? असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. आमच्या वरच्या गळतीसाठी मीही तिकडेच खेटे घालतेय.

शेवटचा मजला
शोधतोय. रंगाची सापडली, ही नाही.