जर्मनीतला पहिला हिवाळा: माइंडफुलनेसचा उपयोग होतो का?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी गेलेल्या मुलांना डिसेंबरपर्यंत एकटं, उदास वाटू लागतं. अशा वेळी माइंडफुलनेसची, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाची, सुरुवात कशी करावी?

उत्तर: रोज ठरलेल्या वेळी 10 मिनिटं पुरेत. खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीला टेकवा आणि नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघा; मुद्दाम लांबवू नका. मन घरी पळालं की मनात ‘आठवण’ म्हणा आणि श्वासावर परत या. अंथरुणात पडून केलं तर झोप लागते. पहिल्याच दिवशी पाऊण तास बसायचा हट्ट धरला की सराव लवकर सुटतो. जॉन कबाट-झिन या अमेरिकन प्राध्यापकांनी 1979 मध्ये सुरू केलेला, माइंडफुलनेसने ताण कमी करण्याचा कार्यक्रमही 8 आठवड्यांचा आहे, म्हणून दोन दिवसांत फरक शोधू नका.

उजेडाचंही बघा! डिसेंबरअखेरीस बर्लिनला दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो. दुपारी अर्धा तास बाहेर चाला, मोबाईल खिशात ठेवून, तळपायांकडे लक्ष देत.

आणि प्राध्यापक सगळ्यांसमोर थेट ‘हे चुकलंय’ म्हणाले, तर तो अपमान नसतो, तिथली बोलायची रीतच तशी. तीन श्वास थांबा, मग कागदावर दोन रकाने करा: ते नेमकं काय म्हणाले आणि आपण त्याचा काय अर्थ लावला. माझ्या मते निम्मा ताण त्या दुसऱ्या रकान्यात असतो.

सरावात डोळे मिटल्यावर धडधड वाढत असेल तर ते उघडे ठेवा. झोप, भूक, अभ्यास दोन आठवडे बिघडलेले असतील तर नुसत्या ध्यानावर विसंबू नका. विद्यापीठाच्या श्टुडिएरेनडेनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या सेवासंस्थेत, समुपदेशनाची वेळ लगेच मागा.