मदत हवी आहे: आईचे गोठ मोडायचे आहेत, सराफ हॉलमार्क मागतो

चोपडेकर: सुनेला मंगळपोत करायची आहे. सराफ म्हणतो, गोठांवर हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का) नाही, तीस टक्के घट धरणार. हे नियमात बसतं का? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पोत हवी, लवकर सांगा.

रावेरचा केळीवाला: वजन किती? बिल आहे का? रोख घ्यायचे की बदली डाग (दागिना)?

चोपडेकर: आईच्या लग्नातले आहेत, बिल कुठून असणार! साडेचार तोळे भरले. पोतच करायची म्हटलं ना.

धुळ्याचे नाना: १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नसलेलं सोनं विकायला बंदी आहे. मिळेल तो भाव घ्या.

सराफाची लेक: नाना, बंदी दुकानदाराला आहे. त्याला एचयूआयडीशिवाय डाग विकता येत नाही. घरातलं जुनं सोनं आपण खुशाल मोडावं, सराफालाही ते घेता येतं. चोपडेकर दादा, गोठांच्या पोकळीत लाखेचा भराव आहे का?

चोपडेकर: गोठ म्हटल्यावर लाख असणारच. त्याचं काय?

सराफाची लेक: अहो, तेच आधी सांगायचं! साडेचार तोळ्यांत लाखही आली. तीस टक्क्यांत लाख किती आणि टंचाची (शुद्धतेची) तूट किती, हे वेगवेगळं लिहून मागा. लाख तुमच्यासमोर काढून निव्वळ सोनं तोलायला लावा. मग जळगावला हॉलमार्किंग केंद्रावर तपासून घ्या, चार नगांपर्यंत २०० रुपये लागतात.

रावेरचा केळीवाला: मी म्हणतो मोडूच नका, सोनेतारण करा, डाग गहाण ठेवून कर्ज घ्या. आईचा डाग पुन्हा मिळत नाही. मी बहिणीच्या लग्नात तेच केलं.

धुळ्याचे नाना: आणि व्याज कोण भरणार, भाऊ? केळीचा भाव पडला की डाग लिलावात जातो.

नंदुरबारची सून: दोन ग्रॅमच्या आतल्या नाकातल्या चमकीला हॉलमार्कची सक्ती नाही बरं का.

सराफाची लेक: ताई, इथे पोतीचं चाललंय. दादा, नवी पोत घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ (२२ कॅरेटची खूण) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघा. तो बीआयएस केअर ॲपवर टाका, शुद्धता जुळली पाहिजे. काळ्या मण्यांचं वजन सोन्यात धरू देऊ नका.

चोपडेकर: आत्ताच विचारून आलो. समोर लाख काढत नाही म्हणतो, डाग ठेवून जा, संध्याकाळी या.

सराफाची लेक: ठेवू नका. गोठ घेऊन आधी घरी या.